हिवतापाचा चेहरा पाहणारा वैद्य

१८८० सालच्या नोव्हेंबर महिन्यातील सहा तारीख. उत्तर आफ्रिकेतील अल्जीरिया हा त्या काळी फ्रान्सच्या अमलाखालील मुलूख होता. त्याच्या पूर्व भागात, खोल दरीच्या काठावर वसलेल्या कॉन्स्टँटिन शहरातील लष्करी रुग्णालयात पस्तीस वर्षांचा एक फ्रेंच डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकून बसला होता. भिंगाखालच्या काचपट्टीवर तापाने फणफणलेल्या एका तरुण सैनिकाचे ताजे रक्त होते. त्या रक्तात काळ्या कणांनी भरलेला एक वाटोळा पिंड दिसत होता. असे पिंड या डॉक्टरने याआधीही पाहिले होते. त्या दिवशी मात्र पिंडाच्या कडेने धाग्यासारखे बारीक तंतू बाहेर आले आणि विलक्षण वेगाने वळवळू लागले. शेजारच्या तांबड्या पेशी त्यांच्या फटकाऱ्यांनी बाजूला ढकलल्या जात होत्या. निर्जीव वस्तू अशी हालत नाही. माणसाच्या रक्तात एक परका जीव राहत होता आणि तो या डॉक्टरच्या डोळ्यांसमोर हालचाल करीत होता.

या डॉक्टरचे नाव शार्ल लुई आल्फाँस लाव्हेराँ. हिवताप म्हटले की भारतीय वाचकाला आठवतात ते सर रोनाल्ड रॉस, आणि ते स्वाभाविकही आहे. रॉस यांचा जन्म अल्मोड्याचा आणि त्यांचे गाजलेले संशोधन सिकंदराबाद व कोलकाता येथील. परंतु रॉस यांनी डासाच्या पोटात ज्याचा शोध घेतला, तो परोपजीवी माणसाच्या रक्तात आहे हे सतरा वर्षे आधी लाव्हेराँ यांनी दाखवून दिले होते. हिवतापाला कारण असलेला सजीव प्रथम पाहिला तो त्यांनीच. आज त्याच परोपजीवीचे काही वंश निदानाच्या आधुनिक चाचण्यांना हुलकावणी देऊ लागले आहेत. त्यामुळे या अबोल लष्करी डॉक्टरच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा वळून पाहणे अगत्याचे ठरते.

लाव्हेराँ यांचा जन्म १८ जून १८४५ रोजी पॅरिस येथे झाला. घराणे लष्करी पेशाचे. वडील लुई थेओदोर लाव्हेराँ हे सैन्यात डॉक्टर होते आणि पुढे पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी वैद्यकीय विद्यालयात ते प्राध्यापक झाले. वडिलांच्या बदलीमुळे आल्फाँस यांच्या बालपणातील काही वर्षे अल्जीरियात गेली. शालेय शिक्षण पॅरिसमध्ये पूर्ण करून १८६३ साली त्यांनी स्ट्रासबुर्ग येथील लष्करी वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. १८६७ मध्ये मज्जातंतूंच्या पुनरुत्पत्तीवर प्रबंध लिहून ते पदवीधर झाले. लहान गोष्टींचे चिकाटीने निरीक्षण करण्याची त्यांची वृत्ती या विषयाच्या निवडीतही दिसून येते.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. तरुण लाव्हेराँ ग्राव्हलोत आणि सँ-प्रिव्हा येथील रणांगणांवर जखमींची शुश्रूषा करीत होते. पुढे मेत्स शहराला वेढा पडला तेव्हा तेही त्या वेढ्यात अडकले. युद्धात सैनिक तलवारी आणि गोळ्यांनी मरतात त्याहून कितीतरी अधिक संख्येने विषमज्वर, अतिसार आणि निरनिराळ्या तापांनी मरतात, हे लष्करातील डॉक्टरांना त्या काळी नित्य पाहावे लागे. १८७४ साली स्पर्धा परीक्षा देऊन लाव्हेराँ व्हाल-द-ग्रासमध्ये लष्करी रोग आणि साथी या विषयाचे प्राध्यापक झाले. एके काळी याच आसनावर त्यांचे वडील होते. या पदाची मुदत संपल्यावर १८७८ साली त्यांची रवानगी अल्जीरियात झाली. प्रथम बोन हे बंदर, नंतर वाळवंटाच्या सीमेवरील बिस्क्रा आणि शेवटी कॉन्स्टँटिन असा त्यांचा प्रवास झाला.

फ्रेंच सैन्याला अल्जीरियातील हिवतापाने जेरीस आणले होते. दलदलीच्या प्रदेशातील छावण्यांमध्ये या तापाचे थैमान असे. त्यावर क्विनीन हे औषध होते. सिंकोना झाडाच्या सालीतून ते १८२० साली पॅरिसमध्येच वेगळे करण्यात आले होते. औषध हाती होते, पण रोगाचे कारण ठाऊक नव्हते, असा तो विचित्र काळ होता. दलदलीतून उठणारी दूषित हवा श्वासावाटे शरीरात जाते आणि ताप येतो, ही जुनी समजूत अजून टिकून होती. मलेरिया हा शब्दच मुळी खराब हवा या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आलेला आहे. १८७९ साली क्लेब्स आणि तोम्मासी-क्रुदेली या संशोधकांनी रोमजवळच्या दलदलीतील माती व पाणी तपासून हिवतापाचा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. पाश्चर आणि कॉख यांच्या शोधांमुळे तो जिवाणूंचा जमाना होता. साहजिकच या घोषणेचे जोरदार स्वागत झाले.

रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरची अडचण आणखी वेगळी होती. समोरच्या माणसाला झालेला ताप हिवतापच आहे हे ओळखायचे कसे? थंडी वाजून येणारा ताप, ठरावीक अंतराने होणारी त्याची पुनरावृत्ती, वाढलेली प्लीहा, पिवळट फिकट चेहरा आणि क्विनीनने पडणारा उतार, एवढ्याच खुणा डॉक्टरांपाशी होत्या. या साऱ्या खुणा फसव्या होत्या. विषमज्वराचा ताप हिवतापासारखा भासे, तर हिवताप कधी विषमज्वराचे, कधी पटकीचे, तर कधी मेंदूच्या विकाराचे रूप घेई. निदान चुकले की क्विनीन मिळायला उशीर होई, आणि घातक प्रकारच्या हिवतापात एका दिवसाचा उशीरही जिवावर बेतत असे.

लाव्हेराँ यांनी आपल्या शोधाची सुरुवात मृत्यूपासून केली. हिवतापाने मरण पावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात प्लीहा, यकृत आणि मेंदू यांचा रंग काळपट पडलेला आढळतो, हे वैद्यकाला १८४० च्या दशकापासून ठाऊक होते. रक्तातील काळ्या रंगाच्या कणांमुळे तसे होते, एवढेही माहीत होते. मात्र हे कण म्हणजे रोगाचा परिणाम आहे, असे मानून बहुतेकांनी त्यांचा नाद सोडला होता. लाव्हेराँ यांनी उलट प्रश्न विचारला. हे काळे कण येतात कोठून? मेलेल्या माणसाच्या अवयवांत ते सापडत असतील, तर जिवंत रुग्णाच्या रक्तात ते कोणत्या स्थितीत असतात? दलदलीतील माती, पाणी आणि हवा बाजूला ठेवून ते थेट रुग्णाच्या रक्ताकडे वळले.

त्यांची साधने अगदी सामान्य होती. तेलाचा थेंब घालून वापरावयाचे प्रभावी भिंग त्यांच्यापाशी नव्हते. परोपजीवी उठून दिसावेत म्हणून रक्त रंगवण्याच्या पद्धती अजून प्रचारात यायच्या होत्या. सुमारे चारशे पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक आणि न रंगवलेले ताजे रक्त, एवढ्यावरच त्यांचे काम चालले होते. पण हीच उणीव त्यांच्या पथ्यावर पडली. रक्त वाळवून रंगवले असते, तर त्यातील जीव मेला असता आणि वळवळणारे तंतू त्यांना कधीच दिसले नसते. रक्त शरीराबाहेर येऊन थोडे थंड झाले की काही मिनिटांनी हे तंतू प्रकट होतात. ते परोपजीवीचे नर बीजकण होत आणि निसर्गात ही घटना डासाच्या पोटात घडते, हे ज्ञान पुढच्या काळातले. १८८० साली लाव्हेराँ यांना एवढेच कळले की, ही हालचाल जिवंतपणाची निःसंशय खूण आहे.

याशिवाय त्यांना रक्तात चंद्रकोरीच्या आकाराचे पिंड दिसले. त्यांच्या मध्यभागी काळे कण गोळा झालेले असत. त्यांनी या सर्व रूपांची काळजीपूर्वक चित्रे काढली. १८८० च्या नोव्हेंबरातच त्यांचे पहिले टिपण पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे वाचले गेले. पण एका रुग्णावरून निष्कर्ष काढणाऱ्यांपैकी ते नव्हते. हिवतापाच्या १९२ रुग्णांचे रक्त त्यांनी तपासले आणि त्यांतील १४८ जणांमध्ये त्यांना हे जीव आढळले. हिवताप नसलेल्यांच्या रक्तात ते मिळाले नाहीत. क्विनीन दिल्यावर रुग्णाच्या रक्तातून ते नाहीसे होत. जीव असेल तेथे रोग आणि औषधाने जीव गेला की रोगही जातो, असा हा पुरावा होता. १८८२ साली ते मुद्दाम रोमला गेले. तेथील सांतो स्पिरितो रुग्णालयातील रुग्णांच्या रक्तातही त्यांना तेच जीव सापडले. अल्जीरियातील ताप आणि रोमच्या दलदलीतील ताप यांचे मूळ एकच ठरले.

जगाने मात्र त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. इटालियन संशोधक जिवाणूच्या कल्पनेला चिकटून होते. लाव्हेराँ ज्यांना जीव म्हणतात त्या वस्तुतः झिजून विकृत झालेल्या तांबड्या पेशी आहेत, असे आक्षेप घेतले गेले. लाव्हेराँ वाद घालीत बसले नाहीत. ज्याला शंका आहे त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावून दाखवणे ही त्यांची रीत होती. १८८४ साली व्हाल-द-ग्रासमध्ये त्यांनी खुद्द लुई पाश्चर यांना हे वळवळणारे तंतू दाखवले आणि पाश्चर यांची खात्री पटली. त्याच सुमारास मार्किआफावा आणि चेल्ली यांनी रोममध्ये रंगवलेल्या रक्तात परोपजीवीची लहान रूपे पाहिली व त्याला प्लास्मोडियम हे नाव दिले. कामिल्लो गॉल्जी यांनी १८८५-८६ च्या सुमारास पाव्हिया येथे दाखवून दिले की, रक्तातील परोपजीवी एकाच वेळी फुटून विभागतात तेव्हाच रुग्णाला थंडी भरते. तापाच्या पाळीचे कोडे अशा रीतीने सुटले.

या शोधाचे पडसाद लवकरच मुंबईतही उमटले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी आपल्या रुग्णांच्या रक्तात लाव्हेराँ यांनी वर्णिलेले जीव पाहिले आणि १८८७ साली त्याविषयी लेखन प्रसिद्ध केले. ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर ते हेच. चित्रकाराची नजर असलेल्या या डॉक्टरला रक्तातील हे सूक्ष्म आकार ओळखता आले, यात नवल नाही. तरीही भारतातील बहुसंख्य इंग्रज डॉक्टरांना लाव्हेराँ यांचे म्हणणे बराच काळ पटत नव्हते. खुद्द रोनाल्ड रॉस यांनी सुरुवातीला या शोधावर लेखांतून टीका केली होती. १८९४ साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी रक्तातील चंद्रकोरी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. त्यानंतर त्यांचे मत पालटले आणि आयुष्याची दिशाही बदलली.

परोपजीवी माणसाच्या रक्तात येतो कोठून, हा प्रश्न लाव्हेराँ यांनाही सतावीत होता. हवेत, पाण्यात आणि मातीत शोध घेऊनही तो त्यांना बाहेर कोठे मिळाला नव्हता. हत्तीरोगाच्या जंतांचा प्रवास डासांमधून होतो हे मॅन्सन यांनी तोपर्यंत दाखवले होते. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या हिवतापावरील ग्रंथात लाव्हेराँ यांनी डासांचा संशय बोलून दाखवला. तो सिद्ध करण्याचे काम मात्र रॉस यांच्या हातून व्हायचे होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रॉस यांना डासाच्या पोटाच्या भिंतीत परोपजीवीच्या गाठी दिसल्या. त्यांत काळे कण होते. कॉन्स्टँटिनमध्ये लाव्हेराँ यांना ज्या काळ्या कणांनी वाट दाखवली, त्याच कणांनी रॉस यांनाही आपण योग्य ठिकाणी पोहोचल्याचे सांगितले.

इकडे स्वतः लाव्हेराँ यांच्या वाट्याला उपेक्षा आली होती. १८८४ पासून दहा वर्षे ते व्हाल-द-ग्रासमध्ये लष्करी आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८५ साली त्यांचा सोफी मारी पिदांसे यांच्याशी विवाह झाला.  पण प्राध्यापकपदाची मुदत संपताच १८९४ साली सैन्याने त्यांना प्रथम लील येथील लष्करी रुग्णालयात आणि नंतर नाँत येथे प्रशासकीय अधिकारी म्हणून धाडले. तेथे त्यांना ना प्रयोगशाळा होती, ना संशोधनासाठी रुग्ण. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात बसवून ठेवण्यात आले होते. अखेर १८९६ साली त्यांनी लष्करी सेवा सोडली आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मानद विभागप्रमुख म्हणून बिनपगारी काम पत्करले.

त्यांच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध अत्यंत फलदायी ठरला. झोपेच्या रोगास कारण असलेल्या ट्रिपॅनोसोम या परोपजीवींचा त्यांनी सखोल अभ्यास केला. सहकारी फेलिक्स मेस्निल यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध झाला. १९०३ मध्ये मद्रासहून डॉ. चार्ल्स डोनोव्हन यांनी काळा आजाराच्या रुग्णांतील सूक्ष्म पिंड तपासणीसाठी पाठवले, तेव्हाही लाव्हेराँ आणि मेस्निल यांनी त्यांचे वर्णन केले. परोपजीवी हा पिरोप्लाझ्मा गटातील असावा हा त्यांचा अंदाज मात्र चुकला. रॉस यांनी त्याला स्वतंत्र गटात घालून लेश्मानिया हे नाव दिले आणि तेच टिकले.

हिवतापाच्या बाबतीतही त्यांची एक समजूत चुकीची ठरली. रक्तात दिसणारी वेगवेगळी रूपे एकाच परोपजीवीची आहेत, असा त्यांचा आग्रह होता. गॉल्जी आणि इतर इटालियन संशोधकांचे म्हणणे असे होते की, तापाच्या वेगवेगळ्या पाळ्यांमागे वेगवेगळ्या जाती आहेत. काळाने इटालियन संशोधकांचा पक्ष उचलून धरला. लाव्हेराँ यांनी चितारलेली चंद्रकोर ही त्यांपैकी सर्वांत घातक जातीची, म्हणजे प्लास्मोडियम फाल्सिपेरमची खूण आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही या जीवाच्या विविधतेचा पुरता अंदाज आला नव्हता.

१९०७ साली लाव्हेराँ यांना रोगोत्पत्तीमधील एकपेशीय जीवांच्या भूमिकेवरील संशोधनाबद्दल वैद्यकाचा नोबेल पुरस्कार मिळाला. रॉस यांना तो पाच वर्षे आधीच, १९०२ साली मिळालेला होता. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उष्ण प्रदेशांतील रोगांची प्रयोगशाळा उभारण्यासाठी दिली. १९०८ मध्ये त्यांनी याच रोगांच्या अभ्यासासाठी एक विद्वत्सभा स्थापन केली आणि बारा वर्षे तिचे अध्यक्षपद सांभाळले. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या आरोग्यरक्षणासाठी नेमलेल्या समित्यांवर त्यांनी सत्तरीतही काम केले. १८ मे १९२२ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

लाव्हेराँ यांच्यामागे हिवतापाच्या निदानाची एक साधी रीत उरली. रुग्णाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, तो रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष परोपजीवी शोधायचा. शतकभर हिवतापाचे निदान याच रीतीने होत राहिले. तिच्या मर्यादाही उघड होत्या. चांगला सूक्ष्मदर्शक, निर्दोष रंग आणि तरबेज तंत्रज्ञ या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. दुर्गम पाड्यावर त्या जुळत नाहीत. काचपट्टी तालुक्याच्या गावी जाऊन अहवाल परत येईपर्यंत रुग्णाचा ताप मेंदूपर्यंत पोहोचलेला असे.

या अडचणीवर उत्तर म्हणून १९९० च्या दशकात जलद निदान चाचणी आली. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा, तो पट्टीवर टाकायचा, त्यावर द्रावणाचे थेंब सोडायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. रेघ उमटली तर हिवताप, न उमटली तर नाही. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, महिनोन्‌महिन्यांचे प्रशिक्षणही नको. आफ्रिकेतील खेड्यांपासून आपल्याकडच्या गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यापर्यंत आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती हे साधन आले आणि त्याने असंख्य प्राण वाचवले, याविषयी दुमत नाही.

परंतु ही पट्टी परोपजीवीला पाहत नाही. ती त्याची एक खूण शोधते. फाल्सिपेरम जातीचा परोपजीवी हिस्टिडिनने समृद्ध असे एक प्रथिन तयार करून रुग्णाच्या रक्तात सोडतो. ते एचआरपी-२ या नावाने ओळखले जाते. बहुसंख्य चाचण्यांमधील रेघ या प्रथिनामुळे उमटते. हे प्रथिन मुबलक असते, म्हणून चाचणी संवेदनशील ठरते. मात्र परोपजीवी नष्ट झाल्यावरही ते काही आठवडे रक्तात रेंगाळते आणि बऱ्या झालेल्या रुग्णातही रेघ दाखवते. ही झाली लहान अडचण. मोठी अडचण नेमकी उलट दिशेने आली.

पेरूमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यात २००३ ते २००७ या काळात गोळा केलेल्या फाल्सिपेरमच्या १४८ नमुन्यांची तपासणी झाली. त्यांपैकी ६१ नमुन्यांत हे प्रथिन बनवणारे जनुकच नव्हते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. जनुक नाही म्हणून प्रथिन नाही, आणि प्रथिन नाही म्हणून रेघ नाही. २०१६ साली आफ्रिकेतील इरिट्रियामध्ये घिंडा येथील रुग्णालयातील २६ रुग्णांपैकी २१ जणांच्या परोपजीवींत हे जनुक नव्हते. मस्सावा येथे २४ पैकी १० रुग्णांत तीच स्थिती आढळली. हे रुग्ण हाती लागले ते सूक्ष्मदर्शकामुळे. इथिओपियाच्या सीमाभागांत २०१७-१८ मध्ये साडेबारा हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. फाल्सिपेरमची सुमारे दहा टक्के प्रकरणे जनुकाच्या अभावामुळे चाचणीतून निसटत असावीत, असा अंदाज त्यातून निघाला. भारतातही ओडिशासह काही राज्यांत असे परोपजीवी अल्प प्रमाणात आढळले आहेत.

परोपजीवी चाचणी ओळखून स्वतःत बदल घडवतो, असे येथे समजू नये. त्याला बुद्धी नाही आणि हेतूही नाही. हे जनुक त्याच्या आठव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ असते. गुणसूत्रांच्या टोकांचे तुकडे विभाजनाच्या वेळी अधूनमधून गळून पडतात. ते जनुक गेले तरी परोपजीवी जगतो. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वाढवल्या जाणाऱ्या डीडी-२ या प्रसिद्ध वंशातही ते नाही. अशा योगायोगाने घडलेल्या बदलाला फायद्याचे रूप येते ते माणसाच्या उपचारपद्धतीमुळे. रेघ उमटलेल्या रुग्णाला औषध मिळते आणि त्याच्यातील परोपजीवी मरतात. रेघ न उमटलेला रुग्ण औषधाविना घरी परततो. त्याला डास चावतात आणि जनुक गमावलेला वंश पुढच्या माणसाकडे जातो. चाचणी जितकी सार्वत्रिक आणि औषध जितके तिच्यावर अवलंबून, तितका हा चाळणीचा दाब वाढतो. डार्विन यांनी सांगितलेली नैसर्गिक निवड ती हीच. इथिओपियातील परोपजीवींच्या जनुकांतही अलीकडच्या काळातील तीव्र निवडीच्या खुणा मिळाल्या आहेत.

यातला आणखी एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. जेथे हिवताप फार असतो, तेथे एकाच माणसाच्या रक्तात अनेक वंश एकत्र नांदतात. त्यांतील एकानेही प्रथिन सोडले, तरी रेघ उमटते आणि सर्वांवर औषध चालते. जेथे हिवताप आटत चालला आहे, तेथे रुग्णात बहुधा एकच वंश असतो. तोच जर जनुक गमावलेला असेल, तर त्याला उघडे पाडणारा सोबती उरत नाही. म्हणजे रोगनिर्मूलन जवळ येते, तेव्हाच ही चाचणी फसण्याचा धोका वाढतो. २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या भारताला ही गोष्ट विसरून चालणार नाही.

यावर उपाय नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, या जनुकाच्या अभावामुळे फाल्सिपेरमची पाच टक्क्यांहून अधिक प्रकरणे निसटू लागली, तर त्या देशाने दुसऱ्या प्रथिनावर आधारलेल्या चाचण्यांकडे वळावे. लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे विकर परोपजीवीला साखरेतून ऊर्जा मिळवण्यासाठी लागते. ते सोडून देणे त्याला सहज परवडणारे नाही. म्हणून या विकरावर आधारलेल्या चाचण्या अधिक भरवशाच्या ठरू शकतात. इरिट्रियाने २०१६ मध्येच आपले धोरण बदलले. मात्र अशा चाचण्या संवेदनशीलतेत आणि उष्ण हवेत टिकण्यात मागे पडत आल्या आहेत. आणि चाचणी बदलण्याची वेळ आली आहे हे कळण्यासाठी अधूनमधून परोपजीवी प्रत्यक्ष पाहणे व त्याची जनुके तपासणे भाग आहे.

लाव्हेराँ यांच्या काळातील डॉक्टर थंडी, प्लीहा आणि तापाची पाळी या खुणांवर विसंबून होते आणि त्या खुणा त्यांना फसवीत होत्या. आजची पट्टी त्या खुणांपेक्षा कितीतरी अचूक आहे, पण तीही अखेर एक खूणच आहे. तिच्यावरील कोरी जागा रुग्णाला हिवताप नाही असे सांगत असेल आणि रुग्ण मात्र तापाने थरथरत असेल, तर त्याच्या रक्ताची काचपट्टी रंगवून भिंगाखाली धरायला हवी. त्यासाठी लागणारा तंत्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत टिकवून ठेवणे हा खर्चाचा आणि चिकाटीचा प्रश्न आहे. रुग्णांची संख्या घटत जाते, तसा हा खर्च अनावश्यक वाटू लागतो, आणि नेमक्या त्याच काळात त्याची गरज सर्वाधिक असते. १९२ रुग्णांचे रक्त एकेक करून तपासणाऱ्या कॉन्स्टँटिनच्या डॉक्टरने शिकवलेले हे जुने काम अजून संपलेले नाही.